मेल्बापासून तळ्याकडे एक चौक

आमच्या मनाग्वात पाहुणा आला की आधी नकाशा उघडतो. ऊन डोक्यावर, घाम कानामागून ओघळतोय, आणि हा बिचारा कागद उलटासुलटा करत रस्त्याचं नाव शोधतोय. शेवटी कंटाळून माझ्या टपरीपाशी येतो.

"बाई, हा कुठला रस्ता?"

"बाजाराचा."

"नाव काय पण?"

"तुला जायचंय कुठं ते सांग ना. रस्त्याचं नाव घेऊन काय करणार, लग्न लावायचंय त्याच्याशी?"

रस्त्यांना नावं नाहीत, असली तर कुणी घेत नाही. घरांना नंबर नाहीत. आम्हाला चार दिशा पुरतात, आणि अंतर आम्ही एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत असं मोजतो. तळं आहे ते तळ्याकडे, त्याच्या उलट ते डोंगराकडे, सूर्य उगवतो ते वर, मावळतो ते खाली. सुरुवातीला एक खूण लागते, चर्च, पंप, पुतळा, झाड, काहीही. ती खूण जागेवर असायलाच हवी असंही नाही. बहात्तर सालच्या भूकंपात शहराचं पोट फाटलं, पण त्या वेळी पडलेल्या थेटरापासून दोन चौक खाली, असा पत्ता आम्ही आजही सांगतो आणि टॅक्सीवाला बरोब्बर नेतो. पाहुणे हसतात, फोटो काढतात आणि निघून जातात.

या सगळ्या खुणांमध्ये एक खूण माणसाची होती. "मेल्बापासून तळ्याकडे एक चौक, हिरवं फाटक." "मेल्बापासून अर्धा चौक वर, शिंप्याचं दुकान." रोज कितीतरी माणसं हे नाव घेतात आणि मेल्बा कोण ते त्यांना ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे. मी नूबिया. तिच्या शेगडीला लागून माझं पिंप असायचं. मक्याचं आणि कोकोचं पीठ पाण्यात घुसळून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून विकायचे, पिनोलियो म्हणतात त्याला. तिच्याकडचं तिखटखारट खाल्लं की माणूस माझ्याकडे वळायचा. तिच्या जिवावर मी जगले म्हणा ना.

मेल्बा मूळची जुन्या शहरातली, तळ्याकाठच्या वस्तीतली. लोकांच्या घरी इस्त्रीला जायची. भूकंपात नवरा भिंतीखाली गेला. ही आणि अंगावर पिणारा फानोर वाचले, कारण पोर किरकिर करत होतं म्हणून ती त्याला घेऊन अंगणात आली होती. पुढं सगळ्यांसारखी तीही शहराच्या कडेला सरकली. तिथं एका वळणावर चिलामातेचं झाड होतं, वडाच्या जातीचं, खाली मोठी सावली. लोखंडी पिंप अर्धं कापून तिनं शेगडी केली आणि मांस भाजायला लागली. केळीच्या पानावर लाल घेवड्याचा परतलेला भात, भाजलेलं मांस, तळलेलं केळं, खारं चीज आणि वर कोबीची आंबट कोशिंबीर. संध्याकाळी धूर दिसला की अख्खी वस्ती तिकडं चालायला लागायची.

बाई तोंडाची फटकळ. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं दोन्या म्हणतात. कुणी म्हणालं, "दोन्या मेल्बा, थोडी कोशिंबीर आणखी घाला की," की ही म्हणायची, "कोबी काय माझ्या डोक्यावर उगवतो? सरक पुढं." आणि तो सरकताना त्याच्या पानात हळूच एक केळं जास्तीचं टाकायची. मी ते पाहिलं की माझ्यावरच डोळे वटारायची.

आधी लोक म्हणायचे, चिलामातेपासून. पण चिलामाते शहरात ढिगानं. मग मेल्बाचं चिलामाते म्हणायला लागले, आणि पुढं झाड गळून नुसती मेल्बा उरली. एकदा भर दुपारी बँडवाले आले, कर्णे, ढोल, टोप्या, सगळा लवाजमा.

"मेल्बा हीच का?"

"मीच मेल्बा," ती म्हणाली. "पण मला नवरा नकोय. परत जा."

त्यांना मेल्बापासून दोन चौक डोंगराकडे लग्नाला जायचं होतं. आम्ही इतक्या हसलो की माझं अर्धं पिंप सांडलं. बसचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडायचा, "मेल्बा! मेल्बावाले उतरा!" आणि ती न पाहता चिमटा वर करायची. मनातून तिला ते आवडायचं. "नूबिया," ती म्हणायची, "मोठ्या लोकांना मेल्यावर पुतळा होऊन उभं राहावं लागतं. मी जिवंतपणीच उभी आहे."

मग लढाई आली. सैन्यात पोरं कमी पडायला लागली तसे ट्रक फिरायला लागले. मिसरूड फुटलेलं पोर बसमधून उतरलं की उचलायचे. फानोर वयानं लहान होता, पण बापासारखा उंच निघाला. भुवईच्या वर एक भाजल्याचा डाग होता, लहानपणी शेगडीतलं तेल उडून झालेला. आईला मदत करायचा तोही तोंड चालवत. शेजारच्या दोन पोरांच्या शवपेट्या एका आठवड्यात वस्तीत आल्या आणि मेल्बानं ठरवलं. कांद्याचा एक ट्रक उत्तरेला सीमेपर्यंत जायचा. ड्रायव्हर तिच्याकडे जेवणारा. एका सकाळी, शेगडीनं अजून नीट पेट घेतला नव्हता तेव्हा, तो ट्रक झाडाखाली येऊन उभा राहिला.

"पत्ता ध्यानात आहे ना?" तिनं विचारलं.

"कसला पत्ता, आई? मनाग्वात उतरीन आणि कुणालाही विचारीन, मेल्बा कुठाय. आंधळासुद्धा आणून सोडेल."

"मग मी इथनं हलत नाही. तू येईस्तोवर हलत नाही. ऐकलंस?"

"ऐकलं गं. आता ते केळं दे, तो ट्रकवाला बोंबलतोय."

कढईतलं केळं तिनं तसंच त्याच्या हातावर ठेवलं. ते एका हातातून दुसऱ्या हातात उडवत, फुंकत, हसत तो ट्रकवर चढला. मेल्बा रडली नाही. तिनं त्या दिवशी मांस करपवलं, एवढंच.

पुढं एकदा एस्तेलीकडचा एक माणूस निरोप घेऊन आला. फानोर मेक्सिको ओलांडून पलीकडे गेलाय, छपरं घालायच्या कामावर आहे, जरा हातात काही आलं की येतो म्हणाला. मेल्बानं त्या माणसाला पोट फुटेपर्यंत खायला घातलं आणि तेच तेच पुन्हा विचारलं. त्यानंतर काही नाही. लढाई थांबली. पळून गेलेले सुटाबुटात, बॅगा घेऊन परत आले, ज्यांच्या आया वाट पाहत नव्हत्या तेसुद्धा आले. फानोर आला नाही. कुणी म्हणालं तुरुंगात असेल, कुणी म्हणालं संसार थाटला असेल. मेल्बा म्हणायची, "थाटू दे. बायकोला घेऊन येईल. दोन पानं जास्त लागतील."

आणि ती खरंच हलली नाही. मासायाला तिची सख्खी बहीण वारली, बसनं तासाभराचा रस्ता. हिनं माझ्या हातात फुलांचे पैसे ठेवले. "तू जाऊन ये."

"बहीण तुझी की माझी गं?" मी म्हटलं.

"तुझी असती तर तुझं पिंप मी सांभाळलं असतं. जा, उशीर होईल."

मी गेले. प्रेताशी उभी राहून परक्या बाईसाठी रडले. परत आले तर ही नेहमीसारखी केळी तळत होती, डोळे लाल, म्हणाली धूर फार आहे आज. मला तिचा त्या दिवशी राग आला होता. आता येत नाही.

मग गोल चौकाचं खूळ आलं. शहर सुंदर करायचं, मधे कारंजं, रंगीत दिवे, विमानतळावरून येणाऱ्या पाहुण्याला काहीतरी दिसलं पाहिजे. एक तरुण इंजिनियर आला, डोक्यावर पिवळी टोपी. माणूस वाईट नव्हता. मेल्बाकडचं खाल्लं, पैसे दिले, हात पुसले आणि मग विषय काढला.

"दोन्या, इथं इतका देखणा चौक होणार आहे ना, पाहुणे बघत राहतील."

"पाहुण्यांना कारंजं दाखव. माझ्या पोराला काय दाखवणार?"

"कुठाय पोरगा?"

"तेच तर."

त्याला कळेना. मी समजावून सांगितलं. "तुम्हाला जागा मिळणार आहे," तो म्हणाला. "विमानतळाच्या वर नवी वसाहत आहे. पत्रे देतील, लाकूड देतील."

"तिथं कुणाला विचारलं मेल्बा कुठाय, तर सांगतील?"

"हळूहळू सांगतील ना."

"हळूहळूला माझ्याकडे वेळ नाही रे बाबा."

चिलामाते पाडायला करवती कमी पडल्या, यंत्र आणलं. मागच्या दोन गल्ल्या, जिथं मेल्बाला माणूस म्हणून ओळखणारी घरं होती, त्याही गेल्या. शिंपी गेला, हिरवं फाटक गेलं, कोण कुठं पांगलं कुणाला पत्ता नाही. मला बसच्या बाजारात टपरी मिळाली, म्हणजे मी भांडून घेतली. मेल्बाला वसाहतीत टाकलं. तिथं सगळी घरं एका साच्यातली, झाड नाही, चर्च नाही, दुकान नाही. पत्ता सांगायचा तर कशापासून सांगायचा?

ती वसाहतीत झोपायला जायची, एवढंच. सकाळी दोन बस बदलून चौकावर यायची आणि जुन्या जागेच्या कडेला, पदपथावर, स्टूल टाकून बसायची. शेगडीला परवानगी नव्हती. नुसती बसायची, मांडीवर पर्स, अंगात धुतलेला एप्रन. मी कधी पिशवी घेऊन भेटायला जायचे. गाड्या गरगर फिरायच्या, कारंज्याचं पाणी वाऱ्यानं आमच्या अंगावर यायचं.

"वेडी झालीस," मी म्हणायचे.

"हो," ती म्हणायची. "तू पिनोलियोत साखर कमी घालायला लागलीस."

ती बसलेली असतानाच तिथं एक पोरगा मोटारसायकलवरून उडाला आणि जागच्या जागी गेला. आमच्याकडे माणूस रस्त्यात जिथं मरतो तिथं त्याच्यासाठी लहानसा क्रूस उभा करतात. त्याची आई क्रूस घेऊन आली, एकटी. खड्डा खणला, तर क्रूस धरायला कुणी नाही. मेल्बानं धरला. तो सरळ आहे की नाही ते लांबून पाहिलं, भोवती दगड रचले. त्या बाईकडे स्वस्तातला रंग होता. पहिल्याच पावसात पोराचं नाव वाहून गेलं, आणि पांढरा क्रूस तेवढा उभा राहिला, मेल्बाची शेगडी होती तिथून हातभर अंतरावर.

पुढं मेल्बाची साखर वाढली. आधी पायाचं बोट काढलं, मग पाऊल. बसची पायरी चढणं संपलं. चौकावर आली त्या शेवटच्या दिवशी तिनं तिथल्या पंपावरच्या राखणदाराला घरून आणलेला डबा खायला घातला आणि बजावलं. "फानोर नावाचा येईल. उंच आहे. इथं, भुवईवर भाजल्याचा डाग. त्याला म्हणायचं, आई विमानतळाच्या वरच्या वसाहतीत आहे. काय म्हणायचं?" त्यानं तिच्यामागून म्हणून दाखवलं. चांगला माणूस होता तोही. सहा महिन्यांत त्याची दुसऱ्या पंपावर बदली झाली.

नाव मात्र हललं नाही. चौकावर कुणा थोराच्या नावाचा मोठा फलक लागला. तो कुणीच वाचला नाही. कंडक्टर ओरडतच राहिले, "मेल्बा! मेल्बावाले उतरा!"

याडेर नावाचा एक टॅक्सीवाला माझ्याकडे रोज पिनोलियो प्यायचा. पंचविशीचा, गप्पिष्ट, मनानं साफ. डिसेंबर होता. मेरी माउलीचा सण नुकताच झाला होता, रस्त्यावर फटाक्यांचे कागद पडले होते. याडेरनं पिशवीचं टोक दातानं फाडलं आणि सांगायला लागला.

"दोन्या नूबिया, परवा एक गिऱ्हाईक मिळालं, आयुष्यात विसरणार नाही. विमानतळावरनं. आपलाच, पण तिकडं राहून जाडजूड झालेला. म्हणाला, मेल्बाकडे चल. मी सोडलं मेल्बापाशी. उतरेचना. म्हणाला, हे कुठं आणलंस? मी म्हटलं, भाऊ, हीच मेल्बा. म्हणाला, मेल्बा कुठाय? मी म्हटलं, ही काय. हा थांबा मेल्बा, हा चौक मेल्बा. पंपावरच्या पोरांना विचारलं, तीही तेच म्हणाली. तेव्हा म्हणतो कसा, मेल्बा माझी आई आहे. म्हणजे बघा! मेल्बा हे बाईचं नाव असेल असं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं."

माझ्या हातातली पळी पिंपात पडली. "डाग होता?" मी विचारलं. "भुवईवर?"

"होता की. तुम्हाला काय माहीत?"

"पुढं सांग."

"पुढं काय, तो बिचारा गोल गोल फिरतोय. मग माझं लक्ष गेलं, अहो, तिथं क्रूस आहे! जुना, नाव उडालेला. माझी ट्यूब पेटली. मी म्हटलं, भाऊ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझी आई इथंच गेली असणार, गाडीखाली. म्हणून तर थांब्याला तिचं नाव पडलं. नाहीतर कशाला पडेल?" याडेरनं डोळे पुसले, खरोखर पुसले. "तिथंच गुडघ्यावर बसला हो. म्हणत होता, हातात काही आलं की येतो म्हणालो होतो, वर्षं गेली, येतो येतो करत राहिलो. मी त्याला सोडलं नाही. रंगवाल्याकडे नेला, चांगला तेलाचा रंग घेतला. डबा मी धरला. काल विमानात बसवून दिला. पैसे घ्यायला नको म्हणत होतो, त्यानं बळंच कोंबले खिशात."

"कुठं गेला? कुठल्या गावाला?"

"तिकडं. उत्तरेला. मी नाही विचारलं." मग त्यानं माझं तोंड पाहिलं. "काय झालं, दोन्या?"

मी सांगितलं. पिशवी त्याच्या हातात तशीच राहिली आणि पिनोलियो त्याच्या बुटावर गळत राहिला. त्याला चार शिव्या द्याव्यात असं फार वाटलं. पण तो जे म्हणाला होता ते कुणीही म्हणालं असतं. क्रूस बघून आणि नाव ऐकून मीही तेच म्हणाले असते.

त्याच दुपारी त्याच्या टॅक्सीतून आम्ही वसाहतीत गेलो. मेल्बा दारात खुर्चीवर बसली होती. लपवावं असं माझ्या मनात येऊन गेलं, पण मला पाहिल्यावर ती म्हणाली, "या वेळी टपरी सोडून आलीस? कोण मेलं?" आणि मी बोलून गेले. सगळं, क्रूसासकट.

ती याडेरकडे वळली.

"जाड झालाय?" तिनं याडेरला विचारलं.

"हो, दोन्या."

"केस?"

"थोडे गेलेत पुढचे."

"बापाचेही गेले असते. जेवला होता?"

याडेरनं खाली मान घातली. "पंपावरच्या दुकानातलं घेतलं होतं. डब्यातलं."

"डब्यातलं," ती म्हणाली, आणि तेव्हा रडली. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखी. मग एप्रननं तोंड पुसून उठायला बघू लागली. "मला तिकडं न्या."

आम्ही दोघांनी धरून तिला टॅक्सीत पुढं बसवलं. याडेरनं चावी फिरवली आणि सवयीनं विचारून बसला, "कुठं सोडू, दोन्या?" विचारलं आणि जीभ चावली.

"मेल्बापाशी," ती म्हणाली.

क्रूस लांबूनच चमकत होता. नवा पांढरा, वर निळी अक्षरं, खाली प्लास्टिकची फुलं तारेनं बांधलेली, बाजारात मिळतात त्यातली सगळ्यात महागाची. मेल्बाला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंय?"

"मेल्बा," मी वाचलं. "आणि खाली, फानोरची आई. मी आलो होतो."

तिनं हात लावला. रंग वाळला होता. "म्हणजे बरोबर जागेवर आला," ती म्हणाली. "बघ, नूबिया, एवढं सगळं पाडलं तरी बरोबर जागेवर आला. मीच नव्हते."

गाड्या फिरत होत्या. मग ती एकदम कातावली. "आणि त्या दुसऱ्या पोराचं काय? त्याची आई येईल तेव्हा काय बघेल? माझं नाव? मी काय तिच्या पोराला उठवून तिथं बसू?" याडेर म्हणाला, मी त्याच्यासाठी दुसरा क्रूस आणतो. आणि त्यानं आणलाही, दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या पैशानं. पोराचं नाव एकट्या मेल्बालाच आठवत होतं.

पण त्या दिवशी, तिथं उभ्या असतानाच मी म्हटलं, आपण या क्रूसावर खाली एक ओळ लिहू. मेल्बा जिवंत आहे. पुढं पत्ता. फानोर परत आला तर वाचेल. फानोरनं घेतलेला रंग टॅक्सीत उरला होता, याडेरनं तो आणि ब्रश काढला, ओळ लिहिली आणि थांबला.

"पत्ता काय लिहू?"

आम्ही दोघी विचार करायला लागलो. वसाहतीत कशापासून? नळ होता, तो कोरडा. एक टायरवाला होता, तो उठून गेला होता. शेवटी मेल्बा म्हणाली, "लिही, विमानतळापासून वर, विचारत जा."

"इतकंच?"

"आणखी काय आहे?"

परत जाताना ती मला म्हणाली, "येणार नाही गं तो. मेलेल्या आईला भेटायला इतक्या लांबून कोण दोनदा येतं?" मी म्हटलं, येईल. आणि तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं, जसं काही समजूत माझीच काढायची होती.

तो उन्हाळा तिनं कसाबसा काढला. शेगडीचं नाव काढत नव्हती, फानोरचंही नाही. मी नेलेलं खायची, चव काय म्हणून विचारलं तर "बरी आहे" म्हणायची. जिनं जन्मभर कुणाच्या हातचं बरं म्हटलं नव्हतं, तिनं बरी आहे म्हणावं याचीच मला भीती वाटली. पावसाला आठवडा झाला आणि ती गेली. विमानतळापलीकडच्या नव्या दफनभूमीत तिला ठेवलं. याडेर, मी आणि शेजारचं एक कुटुंब, इतकीच माणसं होतो. तिथं जागा शोधायला आम्हाला दोनदा फिरावं लागलं.

आता पाहुणे येतात, कारंज्याचे फोटो काढतात, आणि कडेच्या दोन क्रूसांपैकी मोठ्याकडे बोट दाखवून विचारतात, ही कुणी संतीण होती का? टॅक्सीवाले म्हणतात, असेल. पत्ता अजून तोच आहे, मेल्बापासून तळ्याकडे एक चौक. तिथं आता बँक आहे.

गेल्या डिसेंबरात सण जवळ आला, बाहेरगावचे लोक यायला लागले, तसं माझ्या मनानं घेतलं. तो खरंच आला तर? ओळ वाचेल, आई जिवंत आहे म्हणेल, धावत विमानतळाच्या वर जाईल, विचारत जाईल, दारोदार. मग कुणीतरी त्याला सांगेल, तू आला होतास तेव्हा ती होती.

मी पांढऱ्या रंगाचा लहान डबा घेतला आणि दुपारी चौकावर गेले. याडेरची ती ओळ दोन हात देऊन बुजवली, पत्त्यासकट. वरचं तसंच ठेवलं. त्याला जे आधीच माहीत आहे तेवढंच त्याला दिसेल. रंग वाळेपर्यंत मी तिथं थांबले, मग बस आली आणि कंडक्टर ओरडला, "मेल्बा! मेल्बावाले उतरा!" दोन बायका पिशव्या सावरत उतरल्या आणि मी चढले.